मीटिंगला या म्हणता, येतो की, पण पुढं काय?

महापालिकेचं इलेक्शन झाल्यापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखी पोस्टरं यायलीत. जागरूक नागरिक बैठक, सर्वांनी उपस्थित राहावे, शहर आपलं आहे वगैरे, खाली कुठल्यातरी मंदिराच्या सभामंडपाचा पत्ता आणि वेळ सकाळी ११. चांगलं चाललंय, मी टिंगल करत नाहीये, मी स्वतः जातोय अशा बैठकांना. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी उठून एक वाक्य बोलतंच आणि मला त्याच्यावरच भांडायचंय. "लोकांना काही पडलेलीच नाही ओ मालक, सोलापूरकर झोपलाय."

झोपलाय कुठं? चार-पाच दिवसाआड पाणी येतं आणि ते पण कधी रात्री दोनला, तेव्हा अर्धं शहर मोटार लावून जागंच असतं की.

बरं, ज्या लोकांना आपण "त्यांना काय कळतंय" म्हणतो त्यांनी काय केलंय ते बघा. विड्या वळणाऱ्या बायका. घरात बसून पानं कापायची, वळायच्या, कारखान्याच्या ब्रँचला नेऊन जमा करायच्या, त्यात वरनं ते छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून काही विड्या बाद करणार. ह्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर, त्यांच्या मागं लाल झेंडे घेऊन उन्हात बसल्या आणि शहराजवळच्या कुंभारीला आधी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १० हजार घरांची वसाहत झाली आणि नंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. आता मास्तरांचं राजकारण पटो न पटो, माझं पण सगळं पटत नाही. पण त्या बायका मीटिंगला का जायच्या ह्याचा विचार करा ना. कारण तिथं घराचा हिशोब मिळायचा. आपला अर्ज कुठं अडकलाय, किती पैसे भरले, पुढं काय होणार. भाषणं पण व्हायची, लांबलचक व्हायची, पण भाषणाबरोबर घरी न्यायला माहिती असायची.

आपल्या सुशिक्षित बैठकीतून घरी काय न्यायचं? फोटो.

मागच्या एका बैठकीत दोन तास चर्चा झाली. उजनीपासून सुरू झाली, ११७ टीएमसीचं धरण आणि आम्ही तहानलेले, मग स्मार्ट सिटी, २०१६ च्या पहिल्या २० शहरांत आपला नंबर नववा होता आणि बघा काय झालं, मग विमानतळ आणि विमानाला अडथळा म्हणून पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, तिथं तर दोन गट पडून आवाजच चढले (चिमणी २०२३ ला पडली तरी भांडण अजून उभंच आहे). सगळं खरं आहे, मला पण बोलायला आवडतं ह्याच्यावर. पण मागं दाराजवळ एक मावशी बसल्या होत्या, त्यांच्या गल्लीत ड्रेनेज तुंबून घरात पाणी येतंय, त्यासाठी आलेल्या. त्यांचा नंबर लागेपर्यंत चहा आला आणि आभार प्रदर्शन सुरू झालं. त्या परत कशाला येतील? आणि नाही आल्या की आपण म्हणणार लोकांना पडलेलीच नाही.

लोक का दूर गेले ह्याची कारणं पण नीट बघितली पाहिजेत. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. म्हणजे एवढा काळ शहरात लोकांनी निवडून दिलेला एक नगरसेवक नाही, बजेट ठरतंय, रस्ते खणले जातायत, आणि विचारायचं कोणाला तर अधिकाऱ्याला, तो साहेब बदलून गेला की नवीन साहेबाला परत पहिल्यापासून सांगायचं. माणसाला सवय लागते हो गप्प बसायची. आता निवडून आलेत तर एका प्रभागात चार चार जण. एकाकडं ड्रेनेज घेऊन गेलं की तो म्हणतो हा भाग त्या दुसऱ्यांकडं आहे, दुसरा म्हणतो निधी तिसऱ्यानं टाकलाय. २६ प्रभाग, १०२ नगरसेवक, आणि आपल्या गल्लीचा नक्की कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरं कारण जुनं आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, ह्या मिला चालू होत्या तेव्हा हजारो लोक एका गेटवर रोज भेटायचे. युनियन होती, तिथं निवडणुका व्हायच्या, तिथं पेपर मोठ्यानं वाचला जायचा. १९३० ला मार्शल लॉ लागला त्या आधी ह्या गिरणी कामगारांनीच शहर हलवून सोडलं होतं. १२ जानेवारीला, १९३१ ला त्याच दिवशी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना हार घालताना ते चौघं आठवा, धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, चार वेगळ्या घरांतले, आणि ते एकत्र आले कारण एकत्र येण्याच्या जागा होत्या. मिला गेल्या तशा त्या जागा पण गेल्या. आणि पोरं गेली पुण्याला. आमच्या बैठकीत साठीच्या आत वयाची माणसं बोटावर मोजण्याइतकी, मी धरून. ज्याचा मुलगा हिंजवडीत आहे त्याला सोलापूरचं प्रेम आहे, पण ते हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी येतं आणि रविवारी परत जातं.

आणि वेळ. सकाळी ११ ला कोण मोकळं असतं? पेन्शनर. यंत्रमागावर १२ तासाची पाळी करणारा माणूस त्या टायमाला एकतर लूमवर असतो नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. त्यात सगळी बैठक शुद्ध मराठीत, "सन्माननीय व्यासपीठ" पासून. अरे पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, निम्म्या पेठांत कन्नड, बाकी दखनी. बाजारात आपण चारही भाषा चालवून घेतो आणि बैठकीत मात्र वक्तृत्व स्पर्धा. एका बाईंनी "नीळ्ळु रालेदु" म्हणून सुरुवात केली तर संयोजक म्हणाले ताई मराठीत बोला. सगळ्यांना कळलं होतं त्या काय म्हणतायत! पाणी आलं नाही हे सोलापुरात कुठल्या भाषेत कळत नाही सांगा.

आता मुद्द्याची गोष्ट, जी ह्या बैठकांत कोणी बोलत नाही. वेगळा मंच काढायची गरजच नाही इतकी सोय कायद्यात आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, त्यात तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या करायला सांगितल्या. २०११ च्या जनगणनेतच आपण साडेनऊ लाख होतो. पुढं २००९ मध्ये राज्यानं कायदा बदलून क्षेत्रसभा आणली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार त्या सभेचे सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. गावाकडं ग्रामसभा असते ना, तसंच शहरात. माझ्या नात्यातली एक पोरगी खेड्यात सरपंच आहे, तिला ग्रामसभेत लोक घाम फोडतात, आणि इथं एवढ्या मोठ्या शहरात मला माझ्या क्षेत्राची हद्द कुठं ते माहीत नाही. नगरसेवकाला विचारलं तर तो हसला. "तसलं काय नसतंय ओ इथं."

म्हणून मला वाटतं की बैठका घेणाऱ्यांनी हीच एक मागणी धरून बसावं. उजनी, आयटी पार्क, विमान सगळं राहू द्या बाजूला सहा महिने. क्षेत्रांच्या हद्दी जाहीर करा, सभेची तारीख आठ दिवस आधी घंटागाडीच्या भोंग्यावरनं सांगा, रोज गाणी वाजवतेच ती. सभा संध्याकाळी घ्या. आणि जे प्रश्न आले त्याचं पुढच्या सभेत पहिल्या अर्ध्या तासात उत्तर, झालं की नाही झालं, नाही झालं तर कोणाच्या टेबलावर आहे. नाही झालं हे ऐकायला पण लोक येतील, खरंच येतील, पण काहीच नाही कळलं तर नाही येणार.

तोपर्यंत आपल्या खासगी बैठकीत तरी एवढं करता येतं. मी आमच्या ग्रुपवर टाकलंय की पुढची बैठक रविवारी संध्याकाळी सातला घ्या, सत्कार नको, आणि त्या ड्रेनेजवाल्या मावशींना पहिला नंबर द्या. त्यांचा लेखी अर्ज आपण त्यांच्याच नावानं महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला, म्हणजे महापालिकेत तक्रारी ऐकायच्या दिवसाला देऊ, १५ दिवस आधी द्यावा लागतो म्हणून आत्ताच लिहायला घ्या. एका काकांनी लगेच रिप्लाय दिला की एवढ्या छोट्या विषयासाठी मंच कशाला. तेरा जणांनी त्याला अंगठा दिला, आता काय बोलणार.

कमेंटमध्ये कृपया "तुम्हीच उभं राहा इलेक्शनला" असं लिहू नका. तुमच्या प्रभागात कधी क्षेत्रसभा झाली असेल तर फक्त तारीख आणि जागा टाका, मला त्या नगरसेवकाला दाखवायचीय.