पत्ताकोबीतला किडा आणि मेंदूतल्या गाठी

थंडी पडली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'पत्ताकोबीतला किडा उकळूनही मरत नाही, मेंदूत जातो आणि फिट येते. डुक्कर न खाणाऱ्यांनी कोबी सोडावी, सहा महिन्यांनी जंताची गोळी घ्यावी.' जंतामुळे फिट येते, एवढं यात खरं आहे. म्हणूनच बाकीचं खोडून काढायला हवं.

कोबीच्या पानांत दिसणारी हिरवी अळी बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती चुकून पोटात गेली तरी मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करतो तो डुकरांमधला पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, आणि त्याची अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत. नीट शिजवलेल्या भाजीत ती जगतही नाहीत.

'आम्ही डुक्कर खात नाही' हा दिलासा मात्र सगळ्यात घातक. कच्चट राहिलेल्या मांसातल्या गाठीपासून खाणाऱ्याच्या आतड्यात काही मीटर लांब जंत वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. त्याने हात धुतले नाहीत, किंवा उघड्यावरचा मैला मळ्यात, पाण्यात मिसळला, की ती दुसऱ्याच्या तोंडात जातात. मेंदूतल्या गाठी होतात त्या या अंड्यांमुळे, माळकऱ्यालाही. न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू कुटुंबांत डुक्कर धर्माने वर्ज्य. तिथेही असे चार रुग्ण सापडल्याचं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांतल्या एका घरी कामाला असलेल्या व्यक्तीच्या पोटात जंत निघाला.

म्हणून मला शिजवलेल्या कोबीपेक्षा भरीताच्या पंगतीतल्या कच्च्या पातीची, मुळ्याची, कोथिंबिरीची काळजी वाटते. ती वाहत्या पाण्यात काडी-काडी सुटी करून धुवा. चिरणाऱ्या-वाढणाऱ्यांचे हातही साबणाने धुतलेले हवेत.

शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः मातीतून होणाऱ्या जंतांसाठी असते. मुलांना ती जरूर द्या. पण फिट येणाऱ्याला आपल्या मनाने जंताचं औषध देऊ नका. मेंदूतली गाठ मरताना भोवती सूज येते आणि फिट वाढू शकतात. म्हणून डॉक्टर आधी स्कॅन करतात, गरजेप्रमाणे सूज उतरवणारं औषधही सोबत देतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, हा जंत जिथे मुरलेला आहे तिथल्या फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो. पोराच्या नाकाशी कांदा नि चप्पल धरण्यात, भगताकडे खेपा घालण्यात जे महिने जातात, त्यातल्या एका दिवसात हा स्कॅन होतो.