जुलैतला हिरवा डोंगर वणव्याबद्दल काही सांगत नाही

फेब्रुवारी ते मे या काळात कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात कुठं ना कुठं वणवा लागतोच. आणि जुलै आला की मोबाईलवर जोडफोटो फिरायला लागतात. डावीकडं काळाठिक्कर डोंगर, उजवीकडं हिरवागार. खालचा मजकूर दरवर्षी साधारण तोच: वणव्याचा उगाच बाऊ करू नका, राख म्हणजे खतच, झाडांना पालवी फुटते, चार महिन्यांत डोंगर होता तसा होतो. यातलं पालवीचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची कॅमेऱ्यापुढं टिकत नाहीत.

“हा तोच डोंगर.” असेलही, पण तपासा. डाव्या फोटोत जवळच्या दगडाचं टोक मागच्या डोंगरधारेच्या नेमक्या कुठल्या खाचेखाली येतं ते बघा. उजव्या फोटोतही ते तिथंच यायला हवं. फोटो काढणारा चार पावलं सरकला तरी ही जुळणी मोडते. फिरणाऱ्या जोड्यांत ती बहुधा जुळत नाही, कधी कधी तर डोंगरच दुसरा असतो.

नीट जोडी काढायची तर जागा पक्की लागते. मोबाईलचं जीपीएस उघड्या माळावरसुद्धा तीन ते पाच मीटर चुकतं, झाडीत त्याहून जास्त. म्हणून त्याच्या भरवशावर फक्त जवळ पोचायचं आणि शेवटचं पाऊल जुन्या फोटोची छापील प्रत हातात धरून ठरवायचं. जवळची एक आणि लांबची एक अशा खुणांच्या दोन जोड्या जुळल्या की जागा सापडली. लेन्सची उंची जमिनीपासून १.५ मीटर, होकायंत्रावरची दिशा आणि फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळचं दाखवते तो आकडा) वहीत लिहून ठेवा. मोबाईल असेल तर मुख्य कॅमेराच वापरायचा, झूम करायचं नाही. चौकटीत ठरलेल्या अंतरावर दर १० सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारलेली एक मीटरची काठी उभी करा. ती नसली की गवत गुडघाभर आहे की कमरेइतकं, यावर वाद घालत बसावं लागतं.

“रंगच बघा की, किती फरक!” निम्मा रंग मोबाईलचा असतो. जळकी जमीन चौकटभर आली की ऑटो एक्स्पोजर तिला उजळवतं, काळं ते राखाडी दिसतं. तिथं एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणावं लागतं. पावसाळ्यात उलटं होतं: हिरवळ ओळखून बरेच मोबाईल ती आणखी गडद करतात. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ५२०० केल्विनवर बांधून ठेवा, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) घ्या, लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवा. सूर्याचंही बघावं लागतं. कोल्हापुरात साधारण ७ मे ते ५ ऑगस्ट दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला जाऊन दुपारीही ५० अंशांवरच राहतो, म्हणजे उत्तरेकडचा तीव्र उतार सावलीत जातो. तुलना करायची ती पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्यातल्या, त्याच वेळेच्या फोटोशी.

“राख खत आहे.” राखेत पोटॅश, चुना, थोडं फॉस्फरस असतं, हे खरं. नत्र मात्र बरंचसं जळतानाच हवेत जातं. उरलेली राख उतारावर, पालापाचोळ्याचं पांघरूण गेलेल्या जमिनीवर पडलेली असते. गगनबावड्याकडचा पाऊस ती तिथं ठेवेल? पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर उताराच्या तळाशी जाऊन ओढ्यातल्या पाण्याचा फोटो घ्या. तुमचं खत तिथं चाललेलं असतं, सोबत माती घेऊन.

“पालवी फुटते.” कुणाला, ते बघू. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळं वरचं जळलं तरी ते उठतं. कुसळी या टोकदार बियांच्या गवताचं बी तर ओल मिळताच पीळ घेत मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. वारंवार जळणाऱ्या माळावर कुसळी माजते ती यामुळंच. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपंही बुडातून फुटतात. जुलैच्या फोटोतली हिरवळ बहुतेक यांचीच असते. कुंभ्याच्या झाडाची साल जाड, ते तगतं. अंजनीसारख्या पातळ सालीच्या झाडाचं तसं नाही. तेही लगेच मरत नाही, म्हणून फसगत होते.

झाडाचा फोटो चढाच्या बाजूनं घ्या. पालापाचोळा तिथंच साचतो आणि उतारावरून चढणारी ज्वाळा खोडाला वळसा घालून तिथंच रेंगाळते. पायवाटेवरून धडधाकट दिसणाऱ्या खोडाला पलीकडून बुडाशी त्रिकोणी काळी खाच असते. साल सुटून आतलं लाकूड उघडं पडलेलं, पुढच्या पावसात त्यातून अळिंबी डोकावते. छातीच्या उंचीवरून चारही बाजूंनी एकेक आणि बुडाचा एक, असे पाच फोटो दरवर्षी काढले तर खाच भरतेय की पसरतेय ते कळतं.

आणि रोपं? लांबच्या फोटोत ती दिसतच नाहीत. दोरीनं एक मीटर बाय एक मीटरचे दहा चौकोन आखा, कोपऱ्यांना खुणा ठेवा आणि सरळ वरून फोटो घ्या. चौकोनातली झाडांची रोपं मोजा, गवत सोडून. जंगल परततंय की नाही ते या आकड्यावर ठरतं. उपग्रहाच्या चित्रातही अडचण तीच: सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, त्यात हिरवं दिसतं, पण ते रानमोडी की जांभळाचं रोप, हे कळत नाही.

“चार महिन्यांत पूर्ववत.” पहिला फोटो आग पूर्ण विझल्यावर आठवड्याच्या आत घ्या (जळून पोकळ झालेल्या मुळांच्या खड्ड्यांत पाय जातो, काठीनं चाचपत चाला). दुसरा वळवाच्या आधी, तिसरा ऑक्टोबरअखेर. खरा फोटो जानेवारीतला. तेव्हा गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि जे हिरवं उरतं ते झाडाझुडपांचं. हा जानेवारीचा फोटो निदान पाच वर्षं ओळीनं हवा. अभयारण्यात जायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा आणि खुणांबद्दलही तेव्हाच विचारून घ्या. चौकोनांना लोखंडी गज ठोका. लाकडी खुंट्या पुढच्या वणव्यात जळून जातात.