चौऱ्याऐंशीचा फेरा

जिथून निघायचं तिथंच परत यायचं, तेही २१ वेळा, आणि त्यासाठी वर प्रवेश फी भरायची, सायकल शर्यतीच्या या प्रकाराला क्रायटेरियम म्हणतात. घरच्यांना हे पटवून देणं अवघड असतं. "एवढं जीव तोडून पोचलास कुठं?" या आईच्या प्रश्नाला भल्याभल्या सायकलवाल्यांकडं उत्तर नाही.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या ओळीनं लागलेल्या गल्ल्या डोळ्यांपुढं आणा. एका गल्लीत शिरायचं, पलीकडच्या गल्लीनं बाहेर पडायचं, की झाला समजा १.२ किलोमीटरचा लॅप. चार काटकोनी वळणं, रस्ता बंद, कडेला बॅरिकेड. २१ लॅप म्हणजे २५ किलोमीटर. ताशी ३८ चा वेग धरला तर चाळीस मिनिटांचा खेळ. वळणं एकूण ८४. चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणतात, त्यातले लक्ष तेवढे कमी.

आमच्याकडचा गडी या शर्यतीला येतो तो पन्हाळ्याच्या भरवशावर. दर रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा, खाली उतरल्यावर गंगावेशीत धारोष्ण दूध. मांड्या बघून प्रतिस्पर्ध्यानं घरी जावं अशा. घाटात हे सगळं कामी येतं, कारण तिथं वेग कमी, वाऱ्याची अडवणूक कमी आणि ज्याचा जोर त्याच्यापाशी. इथं मात्र पहिल्या दहा मिनिटांत हाच गडी शेपटाला लटकलेला दिसतो. दम कमी म्हणून नव्हे. चुकीच्या जागी आहे म्हणून.

हिशेब साधा आहे. चाळीस जणांचा बंच वळणावर येतो. पुढचे चार-पाच जण ३४ च्या वेगात वळण काढतात आणि परत ३८ वर जातात. मागं प्रत्येक जण पुढच्यापेक्षा जरासा जास्त ब्रेक दाबतो, असं करत करत पस्तिसाव्यापर्यंत वेग २५ वर आलेला असतो. पुढचे तोवर सुटलेले. सायकल धरून ८० किलो वजन पाच सेकंदांत २५ वरून ३८ वर न्यायचं तर नुसता वेग वाढवायलाच सुमारे ५०० वॅट लागतात. पुढच्याचं तेच काम १८० च्या आसपास भागतं. वाऱ्याशी भांडायला लागते ती ताकद दोघांनाही याच्यावर वेगळी. म्हणजे मागं आरामात बसायचं म्हणून बसलेला माणूस ८४ वेळा उधळपट्टी करतो, आणि कडेला उभं राहून वडा खाणारे त्यालाच ओरडतात, "आरं भावा, फिराय आलाईस व्हय?"

म्हणून पाचव्या ते पंधराव्या जागेत राहावं. पुढं चार जण वारा कापतात, त्यांच्या आडोशाला पाव ते तृतीयांश ताकद वाचते आणि वळणावर फार थांबावंही लागत नाही. अडचण एवढीच की चाळिसांपैकी चाळीस जणांना हे ठाऊक असतं आणि जागा अकराच. वर सरकायचं ते सरळ रस्त्यावर, कडेनं, वळणाच्या बरंच आधी. ऐन वळणात आतून मुसंडी मारणारा एक महाभाग प्रत्येक शर्यतीत असतो. त्याच्याविषयी छापता येईल असं माझ्याकडं काही नाही.

वळण काढायचं कसं? ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असतानाच. गिअरही तेव्हाच एक-दोन दात हलका. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वाकलेल्या भागावर. बाहेरचा पाय खाली आणि अंगाचा भार त्याच पेडलवर. आतला पाय वर. आतला खाली राहिला की पेडल डांबराला घासतं, मागचं चाक क्षणभर उचलतं आणि मागच्या दहा जणांच्या तोंडून एकच शब्द निघतो. नजर बाहेर पडायच्या जागेवर हवी. खड्ड्याकडं बघितलं की सायकल इमानदारीनं खड्ड्यातच जाते. वळता वळता ब्रेक दाबला की टायरची पकड वळण्यात आणि थांबण्यात वाटली जाते, आणि मग बांधकामावरून सांडलेली मूठभर वाळूही पुरते. त्यामुळं सकाळी मार्गावरून एक संथ फेरी मारावी. ड्रेनेजची झाकणं, ओले असतील तर झेब्राचे पांढरे पट्टे, रंबलर आणि रस्ता आपलाच आहे असं मानणारी कुत्री, सगळ्यांची नोंद घ्यावी.

हवेवरून वाद होतोच. "कडक भर, १२० भर," असं सांगणारा अनुभवी गृहस्थ हमखास भेटतो. ऐकू नये. ७० किलोच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये ८५ पीएसआय, २८ मिमी असेल तर ७० च्या आसपास पुष्कळ झालं. रस्ता ओला असेल तर आणखी थोडी कमी. दगडासारखं टायर आपल्या रस्त्यांवर उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते. हँडलच्या नळीच्या दोन्ही टोकांना बूच हवंच. पडल्यावर ती उघडी नळी पोटात घुसते, म्हणून तपासणीत तिथंच अडवतात. पाठीवरच्या नंबराच्या कापडाला आठ पिना. चार लावल्या की ते शिडासारखं फुगतं. पिन जर्सीच्या पाठीवरच्या खिशातून आरपार गेली की खिसा शिवला जातो, हे मात्र केळं ठेवायला गेल्यावरच कळतं.

वॉर्मअप वीस मिनिटं, त्यात सायकलवरच दोन-तीन जोरदार धावा, कारण शर्यत पहिल्या मीटरपासून फुल्ल सुटते. तेवढं करून घामाघूम होऊन रेषेवर यावं, तर पाहुणे यायचेत. मग हार, तुरे, नारळ आणि सायकलचं महत्त्व या विषयावर, एसी गाडीतून आलेल्यांची भाषणं. टूर द फ्रान्स संपली की बेल्जियम-नेदरलँड्समध्ये गावोगावी क्रायटेरियम होतात, नावाजलेल्यांना पैसे देऊन बोलावतात आणि कोण जिंकणार ते बहुतेक आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडं ठरलेली असतात ती भाषणं.

मधेच घंटा वाजते: पुढच्या लॅपला रेषेवर पहिला येईल त्याला बक्षीस. याला प्रीम म्हणतात. तीनशे रुपयांच्या कुपनासाठी माणूस असा सुटतो की पुढचे दोन लॅप त्याला शुद्ध नसते. शहाणे तिथं गप्प राहतात आणि सगळे धापा टाकत असताना निसटतात. पंक्चर झालं तर बहुतेक नियमांत एक लॅप माफ असतो: पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवून दिलेल्या जागी, चाक बदला, तोच बंच परत आला की शिरा. शेवटच्या काही लॅपना ही सवलत नाही. आणि नीट न आवळलेला नट सुटला, तर तो अपघात धरत नाहीत, आळस धरतात.

शेवटच्या वळणापासून रेषा दोनशे मीटरवर असेल तर निकाल वळणावरच लागतो. तिथं पहिल्या पाचांत नसलेल्यानं आपली लाइन सोडून वेडीवाकडी मारू नये, एवढीच विनंती.

पहिले तीन कोण ते सगळ्यांना दिसतं. खरी चुरस नंतर, अकरावा कोण आणि बारावा कोण यावरून टेबलापाशी. कुणाच्या तरी मेहुण्यानं मोबाइलवर व्हिडिओ घेतलेला असतो. तो पुढं-मागं करून दहादा बघितला जातो, पण नंबर ४१ की ४७ ते काही केल्या कळत नाही, कारण पठ्ठ्यानं चारच पिना लावलेल्या असतात.