खुलासा: जास्त जीबी म्हणजे जास्त वेगवान ग्राफिक्स कार्ड नव्हे

‘ग्राफिक्स कार्ड घेताना बाकी काही बघू नका, ज्याची मेमरी जास्त तेच वेगवान’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. त्यातली पहिली दोन वाक्यं माझ्याच जुन्या पोस्टमधली आहेत. तेव्हा मी अर्धवट लिहिलं, त्यामुळे दुरुस्तीही मीच करायला हवी.

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलेले आकडे पाहा. आरटीएक्स ३०६० चं मूळ कार्ड १२ जीबीचं, ३०६० टीआय ८ जीबीचं. मेसेज खरा मानला तर ३०६० पुढे असायला हवं. पण त्यात कोर (चित्राची आकडेमोड करणारे चिपमधले छोटे भाग) ३,५८४ आणि टीआयमध्ये ४,८६४. मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला डेटाचा रस्ता, १९२ बिटची, टीआयची २५६ बिटची. म्हणूनच बहुतेक गेममध्ये टीआय दर सेकंदाला जास्त फ्रेम (चित्रं) देतं. ४०६० टीआय तर ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आलं. चिप तीच, बसही तीच. गेम ८ जीबीत मावत असेल तर दोन्हींत जेमतेम फरक पडतो.

मेमरीला महत्त्व नाही, असं मात्र अजिबात समजू नका. गेममधलं टेक्श्चर (पृष्ठभागांवरचं बारीक चित्र) ‘अल्ट्रा’ या वरच्या सेटिंगवर नेलं आणि ८ जीबी भरली, की डेटा कॉम्प्युटरच्या रॅममधून आणावा लागतो. मग गेम अडखळतो, समोरच्या भिंतीच्या विटा धूसर दिसत राहतात. तिथे १६ जीबी खरोखर कामी येते.

तुम्ही खेळता तेच गेम, तुमच्याच मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर, किती फ्रेम देतात ते बघून कार्ड ठरवा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.