यामातोच्या सेवापुस्तकातली खाडाखोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया झोंबली, हे आधीच कबूल करतो. झोंबली कारण तुमच्या चार आक्षेपांपैकी एक शंभर टक्के बरोबर आहे, आणि एक निम्मा. उरलेल्या दोनांवर मात्र भांडणार आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या जपानी ॲनिमे मालिकांमधल्या, खऱ्या यामातो या जपानी युद्धनौकेवरून घेतलेल्या अंतराळ-युद्धनौकेची कारकीर्द मी वर्षवार लावली होती. त्यावर तुमचं म्हणणं असं, की नव्या आवृत्तीतलं जहाजही मी समुद्रतळाच्या सांगाड्यातून उभं केलंय, ते साफ चूक. कथेतल्या २२०५ सालच्या मोहिमेनंतर २२०३ मधलं बुडणं लिहिलंय, म्हणजे लेख टाकण्याआधी परत वाचायचीही तसदी घेतलेली नाही. १९७८ च्या चित्रपटात जहाज संपलं, पुढचा सगळा गल्ल्याचा मामला, त्याला ‘सेवा’ म्हणायचं नाही. आणि शेवटचं, सगळ्यात कडक : हे शाही जपानी नौदलाच्या जहाजाचं उदात्तीकरण आहे आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

पहिला आक्षेप मान्य. १९७४ च्या मूळ मालिकेत १९४५ साली बुडालेलं यामातोच अंतराळात जातं. गॅमिलास या शत्रूग्रहाच्या ग्रहबॉम्बनी समुद्र आटलेले, आणि त्या कोरड्या तळावर मावळत्या सूर्याच्या लाल उजेडात गंजलेला सांगाडा उभा. हे चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलंय की २०१२-१३ च्या नव्या मालिकेची नोंद लिहितानाही हात तसाच चालला. त्या मालिकेत सांगाडा हा नुसता मुखवटा आहे, शत्रूला फसवायला. खालचं जहाज कोरं करकरीत, ३३३ मीटर लांबीचं. जुनं २६५.८ मीटरचं होतं, म्हणजे खऱ्या यामातोच्या २६३ मीटरला जवळजवळ चिकटून. एवढ्याशा जागेत लढाऊ विमानांचा ताफा मावायचा कसा, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केलीय. मुखवट्याची युक्ती कशासाठी, याचा माझा अंदाज असा, की १९७४ साली सांगाडा अखंड दाखवणं सोपं होतं, कारण तो कोणी पाहिलेलाच नव्हता. १९८५ च्या शोधमोहिमेनंतर जहाज दोन मोठ्या तुकड्यांत पडलंय हे सगळ्यांना कळलं. त्यानंतर तेच डागडुजी करून उडवणं अवघडच. नोंद दुरुस्त केली आहे, आभार.

दुसरा आक्षेप मात्र परत घ्या. ती टंकनचूक नाही. १९८०-८१ ची तिसरी मालिका स्वतःच सांगते की साल २२०५ आहे, आणि मार्च १९८३ मध्ये आलेला ‘फायनल यामातो’ सांगतो की साल २२०३ आहे. जहाज आधी २२०५ ची मोहीम करतं आणि मग दोन वर्षं अलीकडे येऊन बुडतं. बरेच चाहते तिसरी मालिका गुपचूप मागे सरकवून वेळापत्रक जुळवतात. मी नाही जुळवत. सेवापुस्तकात दोन साहेबांनी दोन वेगळ्या तारखा घातल्या असतील तर कारकुनाने दोन्ही ठेवाव्यात, तिसरी आपल्या मनाने घालू नये.

आणि तारखांवर अडायचं तर कॅप्टन ओकितांचं काय करणार? पहिल्या मालिकेच्या शेवटी पृथ्वी नजरेच्या टप्प्यात आल्यावर ते आपल्या खोलीत प्राण सोडतात. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात संयत प्रसंग. १९८३ मध्ये तेच ओकिता पुन्हा कप्तानाच्या खुर्चीत, आणि खुलासा काय, तर डॉक्टर सादोंचं निदान चुकलं होतं! ‘मृत’ खोडून ‘कामावर रुजू’. तिसऱ्या ब्रिजबद्दल (म्हणजे जहाजाच्या तिसऱ्या नियंत्रणकक्षाबद्दल) तर बोलायलाच नको. जहाजाच्या पोटाखाली लोंबणारा तो ब्रिज गॅमिलासच्या आम्लाच्या समुद्रात वितळून गळून पडतो, माणसांसकट, आणि नंतर काही झालंच नाही अशा थाटात परत जागेवर असतो. तिथली नेमणूक म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असा चाहत्यांचा जुना विनोद आहे.

आता तिसरा आणि चौथा आक्षेप एकत्र घेतो, कारण ते एकमेकांच्या पायात पाय घालतायत.

तुम्ही म्हणता, खरा शेवट १९७८ चा. ऑगस्टमध्ये आलेल्या त्या चित्रपटात कथेचा तरुण नायक कोदाई उरलेल्या लोकांना उतरवतो, मेलेल्या प्रेयसीला, युकीला, शेजारी घेतो आणि अख्खं जहाज शत्रूच्या प्रचंड युद्धनौकेच्या दिशेने सोडतो. मग पडद्यावर अक्षरं येतात, की यामातो पुन्हा दिसणार नाही. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत, तीच कथा टीव्हीवर मालिका म्हणून सुरू झाली. तिच्या शेवटी बलिदान तेरेसा या परग्रहावरच्या स्त्रीने केलं. कोदाई, युकी आणि जहाज तिघंही वाचले. पुढच्या सगळ्या कथा या टीव्हीच्या शेवटावरून चालतात, चित्रपटाच्या नाही. गल्ल्यासाठी? असेलही. पण पहिली सफरसुद्धा काही सोवळ्यातली नव्हती. ती ३९ भागांची ठरली होती, पण समोर त्याच वेळेला ‘हायडी’ ही दुसरी ॲनिमे मालिका लागायची आणि प्रेक्षक तिकडे. २६ भागांत गुंडाळावी लागली. म्हणजे ज्या सफरीला आपण दोघं ‘खरी’ मानतो, तिचा एक तृतीयांश भाग एका डोंगरातल्या पोरीने खाल्ला. बाजार बाजूला काढून उरेल असं यामातो कधी नव्हतंच.

बरं, चौथा आक्षेप. यात तथ्य आहे, आणि मूळ लेखात मी हे टाळलं ही खरी चूक. खरं यामातो ६ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडे निघालं. डोक्यावर विमानांचं छत्र नाही, आणि परतीचा विचार कोणी गंभीरपणे केलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिकन विमानवाहू नौकांवरच्या विमानांनी ते बुडवलं. ४६ सेंटिमीटरच्या तोफा, त्या काळच्या युद्धनौकांवरच्या सर्वात मोठ्या, काही कामाला आल्या नाहीत. २,५०० हून जास्त माणसं गेली. हे न सांगता त्या नावाची कारकीर्द लिहायची नसते. मान्य.

पण १९७४ ची मालिका या मोहिमेचं करते काय, ते बघा. पृथ्वीवर किरणोत्सर्ग, हातात एक वर्ष. १,४८,००० प्रकाशवर्षं दूर इस्कंदार ग्रहावर जायचं, शुद्धीकरणाचं यंत्र घ्यायचं आणि परत यायचं. प्रत्येक भागाच्या शेवटी उरलेल्या दिवसांचा आकडा येतो. सगळा जीव टांगणीला लागतो तो एकाच गोष्टीसाठी, की हे जहाज वेळेत घरी पोचेल का. नाव तेच, तोफांचा व्यासही तोच, आणि हुकूम मात्र नेमका उलटा. शिवाय गॅमिलास बेचिराख केल्यावर कोदाई विजयाचं भाषण करत नाही. त्या ढिगाऱ्यासमोर उभा राहून म्हणतो, की आपण लढायला नको होतं, प्रेम करायला हवं होतं. जरा भाबडं आहे, पण उदात्तीकरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उदात्तीकरण कुठे आहे सांगू? तुम्हाला जो शेवट ‘खरा’ वाटतो, तिथे. १९७८ मध्ये जहाजाला पुन्हा एकेरी तिकीट काढून दिलं. १९४५ चाच हुकूम, वर संगीताचा साज चढवून. थिएटरात रडू येतं, मलाही आलं, आणि म्हणूनच तो शेवट मला खटकतो. टीव्हीवाल्यांनी जहाज परत आणलं ते हिशोबाने असेल, पण निदान आणलं. तेव्हा तुम्हाला चौथा आक्षेप ठेवायचा असेल तर तिसरा सोडावा लागेल. दोन्ही एका हातात मावत नाहीत.

१९८३ चं बुडणंही एकेरीच आहे, तरी ते मला सहन होतं. अक्वेरियस ग्रहाचं पाणी पृथ्वीकडे झेपावतंय आणि ते तोडण्यासाठी ओकिता एकटेच जहाजावर राहतात. स्फोटानंतर अंतराळातच समुद्र पसरलाय, त्यातून जहाजाचं नाक सरळ वर उभं राहतं, आणि सावकाश खाली जातं. गोळीबार नाही, शत्रू नाही. सगळे बाजूला उभे राहून नुसते बघतायत. खऱ्या यामातोच्या वाट्याला असं शांत बुडणं आलं नाही. ते उलथलं आणि फुटलं. जहाज म्हणून ज्याला जलसमाधी म्हणता येईल अशी त्याला ही एकदाच मिळाली, आणि तीही टिकली नाही. २००९ च्या चित्रपटात, म्हणजे कथेतल्या २२२० साली, त्याच पाण्याच्या गोठलेल्या बर्फात ते पुन्हा बांधून तयार आहे.

तर लेखात आता तीन बदल केले आहेत. नव्या मालिकेची नोंद सुधारली. सगळ्यात वर, कथेच्या आधी, ७ एप्रिल १९४५ ची नोंद घातली. आणि १९७८ च्या रकान्यात ‘बुडालं’ आणि ‘बुडालं नाही’ असे दोन्ही शेरे शेजारीशेजारी ठेवलेत. २२०५ नंतरचं २२०३ होतं तिथेच आहे. त्यावर पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण मग तिसरा ब्रिज नेमका किती वेळा गेला तेही मोजून कळवा. माझी मोजणी दर वेळी वेगळी येते.