54 क्रॉस आणि रोनाल्ड कूमन

रोनाल्ड कूमन बार्सिलोनाचा कोच असतानाचं, स्पेनच्याच ग्रेनाडा क्लबविरुद्धच्या सामन्याचं ते रील आज पुन्हा फिरतंय. बार्सिलोनाचे 54 क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेले चेंडू, एकामागून एक, मागे विनोदी म्युझिक, आणि खाली कमेंटमध्ये तेच: याला कोच कुणी केला?

हसा. पण तो सामना कोणत्या अवस्थेत खेळला गेला तेही सांगा ना. 20 सप्टेंबर 2021. दुसऱ्याच मिनिटाला ग्रेनाडाचा गोल. मेस्सी महिनाभरापूर्वीच गेलेला, ग्रिझमन लोनवर अ‍ॅटलेटिकोकडे, फाती, डेम्बेले, अ‍ॅग्वेरो जायबंदी. उरलेल्यांत उंच कोण? लुक डी याँग आणि बचावपटू पिके. म्हणून पिके स्ट्रायकर झाला. 90व्या मिनिटाला गावीच्या क्रॉसवर अराउहोने हेडरने बरोबरी साधली. अराउहो म्हणजे पुन्हा बचावपटूच!

आता गेल्सनकिर्चेन आठवा. 19 नोव्हेंबर 2018, युरोपातल्या देशांची नेशन्स लीग, कूमन नेदरलँड्सचा कोच, जर्मनी 2-0 पुढे. कूमनने बचावपटू व्हॅन डाइकला पुढे पाठवलं. 85व्या मिनिटाला प्रोमेसचा गोल, 90व्या मिनिटाला व्हॅन डाइकचा. 2-2. त्या एका गुणावर नेदरलँड्सने फ्रान्सला मागे टाकून गट जिंकला. तेव्हा हीच मंडळी म्हणत होती, काय डोकं आहे! डाव तोच, माणूस तोच. फक्त जर्सी बदलली आणि आपली नजर फिरली.

हे त्याला कुठून सुचतं, असं विचारणाऱ्याने त्याचा खेळ पाहिलेला नाही. लीगचे 533 सामने, 193 गोल. बचावपटूचे! पेनल्टी आणि फ्री किक त्याच्याच, आणि कोच क्रायफच्या बार्सिलोनात मागून चाळीस-पन्नास मीटरचे पासही त्याचेच. पाय मंद होते, त्यामुळे शेजारी फेरेरसारखे चपळ गडी लागायचे आणि तो वर सरकला की मागची जागा कुणाला तरी धरावी लागायची. 20 मे 1992ला वेंब्लीवर युरोपियन कपच्या फायनलमध्ये 112व्या मिनिटाला फ्री किक मिळाली; स्टोइचकोव्हने चेंडू ढकलला, बाकेरोने थांबवला, कूमनने मारला. हा ढकलणं-थांबवणं प्रकार शोभेचा नाही. चेंडू बाजूला सरकला की कोन बदलतो आणि नीट लावलेली भिंत चुकीच्या जागी उभी राहते. भिंत पुढे धावली, गोलकीपर पाल्युका झेपावला, चेंडू जाळ्यात. सॅम्पडोरिया 0-1, बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप. असला माणूस अडचणीत बचावपटू पुढे पाठवणार नाही तर काय करणार?

हो, ग्रेनाडाविरुद्ध डाव नीट बसला नाही, हे मान्य. क्रॉस फार लांबून येत होते. लांबून, तिरपा आलेला चेंडू बचावपटूला समोर दिसतो, तो आरामात डोक्याने बाहेर काढतो. गोलरेषेजवळून मागे आलेला चेंडू त्याला वळायला लावतो. शिवाय बाहेर काढलेला चेंडू उचलायला बॉक्सच्या तोंडाशी दोन माणसं हवीत, आणि मागे प्रतिहल्ला रोखायला किमान तीन. यातलं एक जरी सुटलं की उरते ती नुसती फेकाफेक. गेल्सनकिर्चेनला मात्र घाई उरल्या मिनिटांपुरतीच होती. अख्खा उत्तरार्ध हेच करत बसलं की समोरचा सवय करून घेतो.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बार्सिलोना क्लब कर्जात बुडवला कुणी, आणि रील कुणाचं? कूमनच्या त्या चौदा महिन्यांत पेद्री नियमित खेळू लागला, गावीला पदार्पण मिळालं, कोपा देल रे हा स्पेनचा कप जिंकला. कूमनला काढलं ते रायो व्हायेकानोविरुद्ध 1-0 हरल्यावर.

जाऊ दे. कूमन कोच असलेला इंग्लंडचा साउथहॅम्प्टन क्लब आठवला की डोकं जरा थंड होतं. 2014च्या उन्हाळ्यात लालाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन, शॉ, चेंबर्स सगळे विकले गेले. कूमनने सरावाच्या रिकाम्या मैदानाचा फोटो टाकला. बिचाऱ्याचा विनोद बरा होता. मग पेल्ले, टाडिच, माने, फोर्स्टर आले, बर्ट्रांड आणि आल्डरवेरेल्ड लोनवर. लीगमध्ये सातवा क्रमांक, पुढच्या वर्षी सहावा. आणि 2015ला सेल्टिककडून कुणाला घेतलं? व्हॅन डाइकला. गेल्सनकिर्चेनमध्ये पुढे धाडला तोच. माणूस ओळखता येतो की नाही?

व्हॅलेन्सियाचं काढू नका. त्या स्पॅनिश क्लबात तो कोच होता; 2008ला कोपा देल रे जिंकून पाच-सहा दिवसांत त्याला काढलं, पण अल्बेल्दा आणि कान्यिसारेस या खेळाडूंना बाजूला सारून त्याने भांडण स्वतःच ओढवलं होतं.

आणि 2017च्या एव्हर्टनवर, त्याच्या दुसऱ्या इंग्लिश क्लबवर, बोलायचं असेल तर खुशाल बोला. स्ट्रायकर लुकाकू विकला, त्याच उन्हाळ्यात रूनी, सिगुर्डसन आणि क्लासेन असे एकाच जागेचे तिघे आणले, लुकाकूच्या तोडीचा गोल करणारा आणलाच नाही. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलकडून 5-2 आणि हकालपट्टी. त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.