‘अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी’ : जेंटामायसिनवरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वासरांच्या हगवणीत जेंटामायसिन हे प्रतिजैविक सांभाळून कसे वापरावे, यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : “एसीत बसून लिहिणाऱ्यांनी गोठ्यातले शहाणपण शिकवू नये. जेंटामायसिन अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी दिले की किडनीवर ताण येत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. सगळा डोस एकदम द्यायला सांगून तुम्ही शेतकऱ्याचे वासरू मारणार. खेड्यात लघवी तपासायला लॅब कुठे आहे? आणि आपल्याकडे गाय कापतच नाहीत, मग मांसातल्या अवशेषांची चर्चा कशाला?”

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याने आयुष्यभर जनावरे वाचवण्याचाच धंदा केला, त्याला ‘वासरू मारणार’ असे चारचौघांत म्हणताना आपण क्षणभर थांबायला हवे होते. राहिला प्रश्न एसीचा. माझे वडील पशुसंवर्धन खात्यात होते, सायकलच्या कॅरिअरला औषधांची पेटी बांधून वाड्या-वस्त्यांवर जात असत, आणि माझी स्वतःची निम्मी नोकरी अशा दवाखान्यात गेली जिथे पंखासुद्धा वीज असेल तेव्हाच फिरत असे. शेणात गुडघे टेकून सलाईन लावण्याचा अनुभव केवळ आपल्यालाच आहे, हा समज आपण कृपया सोडून द्यावा.

लॅबविषयीची आपली तक्रार मात्र रास्त आहे. मूत्रपिंडाची इजा लवकर ओळखण्यासाठी मूत्रातील जीजीटी (इजा झालेल्या नलिकांतून मूत्रात उतरणारे एन्झाइम) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर तालुक्याच्या गावी कोणी काढून देत नाही, हे मला मान्य आहे. त्यावरचा साधा उपाय शेवटी देतो.

आता आपले ते ‘अर्धे-अर्धे’. हा समज इतका पसरलेला आहे की त्याचे उत्तर सविस्तरच द्यायला हवे. अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके, म्हणजे जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन वगैरे, शरीरात फारशी न बदलता मूत्रपिंडातून गाळली जातात. गाळलेल्या औषधाचा थोडा अंश मूत्रनलिकांच्या सुरुवातीच्या भागातील पेशी आत ओढून घेतात आणि तो तिथे साचत जातो. रक्तातून औषध काही तासांत उतरले, तरी मूत्रपिंडाच्या बाह्यभागात ते कितीतरी काळ टिकते. नुकसान होते ते या साचण्याने. परंतु पेशींच्या ओढून घेण्याला मर्यादा आहे. थांब्यावर एकदम शंभर माणसे आली तरी एसटीत मावतील तेवढीच चढतात. दिवसभर वीस-वीस येत राहिली तर येणारी प्रत्येक गाडी भरून जाते. एकदा दिलेल्या पूर्ण मात्रेने रक्तातील पातळी उंच चढते आणि मग बराच काळ अगदी खाली राहते. त्या मोकळ्या वेळात पेशींना उसंत मिळते. अर्ध्या-अर्ध्या मात्रेत ही उसंतच उरत नाही. म्हणून पुढच्या मात्रेच्या आधी रक्तातील जेंटामायसिन मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या खाली यावे, असा दंडक आहे.

जंतूंच्या बाजूनेही हिशेब हाच निघतो. या गटाचा मारा पातळीच्या उंचीवर ठरतो. जंतूला रोखणाऱ्या किमान पातळीच्या आठ-दहा पट उंची गाठली तर उत्तम, आणि पातळी उतरल्यावरही जंतू काही काळ डोके वर काढत नाहीत. म्हणजे आपली अर्धी मात्रा जंतूला कमी आणि मूत्रपिंडाला जास्त लागते. प्रौढ घोड्याला किलोमागे ६.६ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच देतात. नवजात शिंगराला मात्रा त्याहून मोठी, सुमारे १२ मिलिग्रॅम, पण अंतर ३६ तासांचे. कारण त्याच्या अंगात पाण्याचे प्रमाण जास्त आणि मूत्रपिंड अजून कच्चे. वासराची मात्रा समोरच्या पशुवैद्यकानेच ठरवावी. अंतराचे तत्त्व बदलत नाही.

“आम्ही पाहतो आहोत,” असे आपण म्हणता. काय पाहता, हे कळले तर बरे होईल. जवळजवळ तीन चतुर्थांश मूत्रपिंड निकामी होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिनसुद्धा वाढत नाही, मग उघड्या डोळ्यांना काय दिसणार? डोळे आत गेलेले, कान गार पडलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहणारी वासरे मी पाहिली आहेत, ज्यांना माझ्या आधी कोणीतरी पाण्याचा थेंबही न देता दोन वेळा जेंटामायसिन आणि ताप उतरावा म्हणून मेलोक्सिकॅम टोचलेले होते. पाणी आटलेल्या वासराच्या मूत्रपिंडाला रक्त आधीच अपुरे पडते, त्यात मेलोक्सिकॅमसारखे औषध तेथील रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी यंत्रणा बंद करते, आणि औषध बाहेर पडायची वाटच बुजते. असे वासरू चार दिवसांनी मेले की नोंद ‘हगवण’ अशी होते. शवविच्छेदन कोण करतो? आधी सलाईन, वासराने लघवी केल्याची खात्री, आणि मगच जेंटामायसिन, हा क्रम लेखात ठळक अक्षरांत होता. आपण तो वाचला असता तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

अवशेषांबाबत थोडक्यात. गाय कापत नसतील. म्हशी आणि शेळ्या कापतात, आणि दूध तर सगळेच पितात. अमेरिकेत गुरांना जेंटामायसिन टोचले तर कत्तलीआधी १८ महिने थांबण्याची शिफारस आहे, ती हौसेखातर नव्हे. दूध ओतून दिल्याचे पैसे शेतकऱ्याला कोण देणार, असे आपण पुढे विचाराल. तो स्वतंत्र विषय आहे आणि इथे मी त्यात शिरत नाही.

आता लॅबचे. माणसांच्या औषध दुकानात मूत्र तपासण्याच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. वासराने उठल्याबरोबर केलेली लघवी वाटीत धरा आणि पट्टीवर साखर व प्रथिन पाहा. रक्तात साखर वाढलेली नसताना मूत्रात ती उतरली, तर नलिकांना इजा होऊ लागल्याची ती लवकरची खूण असते. सलाईनमधून डेक्स्ट्रोज दिले असेल तर मात्र साखरेचा रंग धरू नका. आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चिकामुळे प्रथिनही दिसते, तेव्हा तेही धरू नका. हे दोन अपवाद वगळून पट्टीचा रंग बदलला, तर पुढचे इंजेक्शन थांबवावे आणि सलाईन चालू ठेवावे.